वडापाव, दाबेली, जिनी डोसा : मुंबईच्या उपनगरात गेल्यावर काय खावं आणि काय बघून खावं

मंचर, प्रतिनिधी : जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतल्या कुठल्याही गावात विचारा, नात्यागोत्यातलं एक तरी घर मुंबईच्या उपनगरात निघतंच. कुणाचा भाऊ घाटकोपरला, कुणाची आत्या मुलुंडला, कुणाचा मुलगा अंधेरीला कामाला. दवाखाना, लग्न, नोकरीची मुलाखत नाहीतर भाजीचा टेम्पो, काही ना काही कारणाने मुंबईची फेरी होतेच. स्टेशनबाहेर आलं की चारी बाजूंनी गाड्या, तव्यांचा खणखणाट आणि तळणाचा वास. भूक तर लागलेली असते, पण काय खावं, कितीला पडेल आणि पोट बिघडणार नाही ना, हा प्रश्न पडतो.

त्यातच गावाकडची काही पोरं सध्या मुंबईत खाण्याची गाडी टाकायचा विचार करताहेत. म्हणून हा सगळा विषय एकदा नीट समजून घेऊ.

आधी वडापाव

मुंबईचं खाणं म्हटलं की पहिलं नाव वडापावचं. साधारण १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. त्या काळात गिरण्या जोरात होत्या. पाळी बदलताना कामगाराला उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता येईल असं स्वस्त काहीतरी हवं होतं. ते यातून मिळालं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. तो मिटलाच नाही म्हटलं तरी चालेल. काम गेलेल्या अनेक कामगारांनी वडापावची गाडी टाकून घर चालवलं. त्यात सातारा, पुणे, कोकणातून आलेले आपलेच लोक होते. २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंग सुरू झालं आणि वडापाव कंपन्यांच्या दुकानातही गेला.

गंमत बघा, या मराठी खाण्यातला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली. आपलं खरं त्यातलं काय, तर बेसनाचं पीठ, लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी आणि ते एकत्र करायची अक्कल.

उपनगरात साध्या गाडीवर वडापाव साधारण १५ ते २५ रुपयांना मिळतो. चांगली गाडी ओळखायची खूण सोपी आहे. जिथे गर्दी आहे आणि वडे समोर तळून लगेच संपताहेत, तिथे खावं. परातीत गार झालेल्या वड्यांचा ढीग असेल तर पुढच्या गाडीवर जावं.

घाटकोपर : खाऊगल्ली आणि जिनी डोसा

घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनची खाऊगल्ली प्रसिद्ध आहे. संध्याकाळ झाली की तिथे डोशाच्या गाड्यांसमोर घोळके उभे राहतात. इथला ‘जिनी डोसा’ म्हणजे डोशावर लोणी, चिरलेल्या भाज्या, पावभाजी मसाला, शेजवान चटणी आणि भरपूर चीज टाकून तो गुंडाळायचा. मग त्याचे तुकडे करून ताटलीत उभे मांडायचे. मूळ दक्षिणेचा डोसा, मसाला मुंबईचा, चटणी चायनीज पद्धतीची. कुठल्याच प्रांतात न मिळणारा हा पदार्थ इथे जन्माला आला.

चव भारी, पण जड आहे. एक डोसा दोघांना पुरतो. साध्या डोशापेक्षा बराच महाग असतो, त्यामुळे आधी दरफलक बघूनच सांगावं. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी यापासून लांब राहिलेलं बरं. राजावाडी रुग्णालय घाटकोपर पूर्वेलाच आहे. पेशंटसोबत आलेल्यांनी खाऊगल्लीत जरूर जावं, पण पेशंटसाठी साधी गरम इडली न्यावी, तीही डॉक्टरांना विचारून.

मुलुंड : कच्छची दाबेली, खिचिया पापड

मुलुंड आणि घाटकोपर या दोन्ही ठिकाणी मराठी वस्तीबरोबर गुजराती आणि कच्छी वस्ती मोठी आहे. त्यामुळे दाबेली इथे वडापावच्या शेजारीच विकली जाते. दाबेली मूळची कच्छमधल्या मांडवीची. उकडलेल्या बटाट्यात खास मसाला आणि आंबट-गोड चटणी घालून सारण करतात. ते पावात भरून वर डाळिंबाचे दाणे, मसाल्याचे शेंगदाणे आणि शेव घालतात, मग पाव तव्यावर लोण्यात भाजतात. वडापाव तिखट लागतो अशी लहान मुलं दाबेली आवडीने खातात.

खिचिया पापड बघितला तर आपल्या बायकांना हसू येईल. आपण उन्हाळ्यात तांदळाच्या पिठाच्या उकडीचे पापड करतो, त्याचाच हा मोठा भाऊ. निखाऱ्यावर भाजून वर कांदा, टोमॅटो, चटणी, मसाला टाकून देतात. आपल्याकडे बचत गट असे पापड करतातच. तोच पापड भाजून वर कांदा-टोमॅटो टाकला की शहरात त्याचा भाव कसा बदलतो, हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

रविवारी सकाळी फाफडा-जिलबी, ढोकळा यांच्या दुकानांवर रांगा असतात. मराठी उपाहारगृहांत थालीपीठ, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, खरवस मिळतो. ज्यांना बाहेरचं तिखट सोसत नाही त्यांनी तिकडे जावं.

अंधेरी : टोस्ट सँडविच आणि वेसाव्याचा बोंबील

घाटकोपर ते अंधेरी आणि पुढे वर्सोवा अशी मेट्रो जून २०१४ पासून चालू आहे, त्यामुळे ही दोन्ही ठिकाणं एका दिवसात सहज होतात. अंधेरी म्हणजे ऑफिसवाल्यांची गर्दी. इथलं खाणं पटकन होणारं. बटाट्याचा मसाला, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा आणि हिरवी चटणी घालून निखाऱ्यावर नाहीतर गॅसवर भाजलेलं मसाला टोस्ट सँडविच पोटभर होतं. सकाळी सायकलवर डबे घेऊन भोंगा वाजवत फिरणारे इडलीवाले अण्णा भेटतात. गरम इडली, मेदूवडा, चटणी असा सकाळचा स्वस्त नाश्ता त्यांच्याकडे होतो.

मांसाहारी माणसाने अंधेरी पश्चिमेला वेसावे कोळीवाड्याची चव घ्यावी. वर्सोवा हे त्याचंच नाव. कोळी समाजाचा सीफूड महोत्सव इथे भरतो, त्यात कोळी भगिनी स्वतः रांधून वाढतात. ताजा बोंबील फार पाणीदार असतो. म्हणून तो चिरून वजनाखाली दाबतात, पाणी निघालं की मसाला आणि तांदळाचं पीठ किंवा रवा लावून तळतात. तेव्हा तो वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा होतो. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘एकदम ताजा’ म्हणून समुद्राचा मासा कुणी दिला तर जरा विचारून घ्यावं.

बोरिवली : नॅन्सी कॉलनीपासून गोराईपर्यंत

एसटीने बोरिवलीला उतरणाऱ्यांना नॅन्सी कॉलनीचं बसस्थानक माहीत असतंच. बोरिवलीत वडापाव, समोसा, पाणीपुरी, शेवपुरी सगळं आहे. मुंबईच्या पाणीपुरीत गरम रगडा घालतात. थंड पाणी आणि गरम रगडा असं एकाच घासात लागतं.

बोरिवलीहून जेट्टीने पलीकडे गेलं की गोराई. तिथे ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावं आहेत. नाव इंग्रजी असलं तरी ही इथलीच मराठी बोलणारी ख्रिश्चन माणसं. त्यांचा ‘बॉटल मसाला’ प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसहून जास्त जिन्नस वाळवून, भाजून, कुटून तो करतात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे उजेड लागून रंग-वास उडत नाही. आपल्याकडे मसाल्याची बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवतात, त्यामागचं शास्त्र हेच.

आपला बटाटा यात कुठे?

वडा, दाबेली, पावभाजी, सँडविच, रगडा-पॅटिस, डोशाची भाजी, सगळीकडे बटाटा आहे. मुंबईला तो मुख्यतः नवी मुंबईच्या कांदा-बटाटा बाजारातून जातो. तिथे उत्तर प्रदेश, गुजरात, मध्य प्रदेशचा माल मोठ्या प्रमाणात उतरतो, आपल्या सातगाव पठाराचाही जातो.

फरक इथे आहे. उत्तरेतला बटाटा हिवाळ्याच्या शेवटी निघतो आणि पुढे महिनोन्महिने शीतगृहात राहतो. जास्त थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि तळला तर काळपट होतो. सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा पावसाळा सरताना ताजा निघतो, नेमका शीतगृहातला माल जुना झालेला असताना. वेफर्सच्या कंपन्या इथे करार करतात त्यामागे हेही कारण आहे. वडेवाल्यालाही गोड न लागणारा, फुटल्यावर पिठूळ होणारा बटाटा हवा असतो. शेतकरी गटांनी प्रतवारी करून असा माल थेट खाद्य व्यावसायिकांना द्यायचा ठरवलं तर सांगायला मुद्दा आपल्याकडे आहे. कोथिंबीर, मिरची, टोमॅटोचंही तसंच. नारायणगावच्या बाजारातली जुडी माळशेज घाटाने जाऊन सकाळी उपनगरात चटणी होते.

पावाचं गणितही बदलतंय. हवा प्रदूषणामुळे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. भट्टी बदलायचा खर्च बेकरीवाल्याला आला की लादीचा भाव वर जातो आणि त्यामागोमाग वडापावचाही.

पोट सांभाळायचं तर

तळलेल्या वड्याने पोट बिघडतं असा समज आहे. खरं तर उकळत्या तेलातून निघालेल्या वड्यात जंतू टिकत नाहीत. त्रास होतो तो बहुतेक वेळा कच्ची चटणी, उघड्यावर चिरून ठेवलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी आणि बर्फ यांमुळे. एवढं लक्षात ठेवा :

* पावसाळ्यात ओली चटणी नको म्हणा, सुकी लसणाची चालेल.
* बर्फ निळसर दिसला तर ते सरबत घेऊ नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळा करण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे.
* तेल काळं, चिकट, फेसाळ दिसलं आणि डोळ्याला धूर लागला की निघा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक वाढतात.
* छापील वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. शाई तेलात उतरते. खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्र वापरायला नियमाने बंदी आहे.
* पावभाजीने बोटं लालभडक झाली तर तो मिरचीचा नाही, रंगाचा प्रताप समजा.
* पाणी आपल्या बाटलीतलं प्या.

तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे.

गाडी टाकायची असेल तर

शेताला जोड म्हणून मुंबईत गाडी टाकू, असं म्हणणाऱ्यांनी आधी नियम बघावेत. मुंबईत रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत आणि शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ यांच्यापासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी आहे. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. म्हणजे जिथे गर्दी जास्त, नेमकी तिथेच गाडी लावता येत नाही. लावली तर महापालिकेची गाडी येऊन सगळा माल उचलून नेते.

त्यामुळे ‘स्टेशनजवळ जागा मिळवून देतो, एवढे पैसे भर’ असं कुणी सांगितलं तर एक रुपयाही देऊ नका. फेरीवाला प्रमाणपत्र २०१४ च्या कायद्यानुसार पालिकेकडून मिळतं आणि ते विकत घेता किंवा विकता येत नाही. अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणीही लागते. ती ऑनलाइन होते, लहान गाडीवाल्याला तिचा खर्च फार नाही. प्रमाणपत्र असलेल्यांसाठी पीएम स्वनिधी योजनेतून बिनतारण कर्जही मिळतं.

यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे आधी एखाद्या चालू गाडीवर दोन-तीन महिने काम करणं. बटाटे किती लागतात, तेल किती जातं, रात्री किती वडे उरतात, हे तिथेच कळतं. जमलं तर पुढचा विचार. नाही जमलं तरी जमीन विकून किंवा सावकाराचं कर्ज काढून शिकण्यापेक्षा हे शिक्षण फार स्वस्तात पडतं.