घरातले गोडे पाणी : भाग 6
कोळंबीची कात आणि नळाचे पाणी

कोळंबीला वाढायचे तर अंगावरचे कवच सोडावेच लागते. माशाची हाडे शरीराबरोबर वाढत जातात. कोळंबीचे कवच मात्र एकदा टणक झाले की तसूभरही वाढत नाही. जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार झाले की पाठीवर, डोके-छातीची ढाल जिथे पोटाच्या पहिल्या वळीला मिळते तिथे, फट पडते. अंगाच्या एका जोरकस झटक्यासरशी कोळंबी त्या फटीतून बाहेर येते. घरोघरी पाळली जाणारी चेरी श्रिम्प लहानपणी साधारण दर आठवड्याला कात टाकते, मोठी झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी. मागे राहिलेली कात मिशा, पाय, डोळ्यांवरचे आवरण यांसकट इतकी हुबेहूब असते की नवख्या माणसाला कोळंबी मेल्यासारखेच वाटते. नीट पाहिले तर फरक कळतो. कात काचेसारखी आरपार आणि पोकळ दिसते. मेलेली कोळंबी दुधट किंवा गुलाबी होते. कात टाकीतच राहू द्यावी. कोळंब्या ती कुरतडून खातात आणि त्यातले क्षार परत मिळवतात.

बाहेर पडलेली कोळंबी पाणी शोषून फुगते, नवे कवच ताणले जाते आणि पाण्यातल्या कॅल्शियमने हळूहळू टणक होते. तोवर ती झाडांच्या आडोशाला लपून बसते. मादीने कात टाकली की तिच्या गंधाने नर टाकीभर सैरावैरा पोहू लागतात. त्यानंतर अंडी मादीच्या पोटाखाली येतात आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांतून मोठ्यांसारखीच दिसणारी इवली पिल्ले निघतात. हे सगळे सुरळीत चालले असेल तर पाणी चांगले आहे, असे खुशाल समजावे. बिघाड झाला की तोही इथेच दिसतो. फट पाठीपुरती न राहता अंगाभोवती पांढऱ्या कड्यासारखी फिरते, कोळंबी अर्ध्यात अडकते आणि बहुतेक वेळा मरते. कारण शोधायचे ते पाण्यातल्या खनिजांत, किंवा ती खनिजे एकाएकी बदलण्यात.

पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवरून त्याचा जडपणा ठरतो. चेरी श्रिम्पला 6 ते 10 अंश जडपणा मानवतो. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी खनिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 मिलिग्रॅम ही जडपणाची स्वीकार्य मर्यादा आहे. ती सुमारे 11 अंश भरते. म्हणजे माणसाला चालणारे पाणी कोळंबीलाही चालायला हवे. महाराष्ट्रातल्या घरांत मात्र पाणी एका जातीचे नसते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचे, तर पुण्याला खडकवासल्याचे पाणी येते. सह्याद्रीतल्या पावसाचे हे पाणी सहसा मऊ असते. बोअरचे पाणी खडकात मुरून वर येते, म्हणून जड असते. बादलीला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर धरतो तो यामुळेच. आरओच्या पाण्यात खनिजे जवळपास उरतच नाहीत. नुसत्या आरओच्या पाण्यावर कोळंबी ठेवणे म्हणजे तिला कवचासाठी लागणारा माल न देता कवच बांधायला सांगणे.

इथे टीडीएस मीटर अनेकांना चकवतो. हा मीटर पाण्याची वीजवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो; क्षार कोणते ते सांगत नाही. बऱ्याच गृहसंकुलांत बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो, कोळंबीला हवे असलेले मात्र निघून गेलेले असते. साबणाचा फेस भरपूर, मीटरवर आकडाही भरपूर आणि टाकीत कोळंब्या कातीत अडकलेल्या, अशी स्थिती असेल तर संशय प्रथम सॉफ्टनरवर घ्यावा. थेंब टाकून रंग पाहायचे जडपणाचे किट यासाठी घ्यायलाच हवे. मऊ पाण्यात कोळंबीसाठी मिळणारे खनिजमिश्रण मोजून घालावे. जड पाणी आरओच्या पाण्याने पातळ करावे.

पाणी बदलताना प्रमाण महत्त्वाचे. माशांच्या टाकीत एकदम अर्धे पाणी बदलले तरी बहुधा निभावते. कोळंबीच्या टाकीत दर आठवड्याला 10 ते 15 टक्के पुरे. एकदम बरेच पाणी बदलले की कवच तयार नसतानाच कात टाकली जाण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. ती तूट आरओच्या पाण्याने भरावी. नळाच्या पाण्याने भरत राहिले तर जडपणा महिनोन्महिने चढत जातो.

यानंतर तांबे. कोळंबीच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन प्राणवायू वाहून नेते, त्यामुळे अन्नातून अत्यल्प तांबे तिला लागतेच. पाण्यात विरघळलेले तांबे मात्र थेट कल्ल्यांवर घाला घालते आणि शरीरातल्या क्षारांचा तोल मोडते. माशांच्या परजीवींवरच्या काही औषधांत मोरचूद असते. लिटरमागे 0.15 ते 0.2 मिलिग्रॅम तांबे मासे उपचारापुरते सोसतात, कोळंब्या सोसत नाहीत. पाणी मऊ असेल तर विषारीपणा आणखी वाढतो, कारण कल्ल्यांवर तांब्याला अडवणारे कॅल्शियमच कमी असते. म्हणून व्हाइट स्पॉट झालेल्या माशावर उपचार वेगळ्या टाकीत करावेत आणि बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय औषधाचा एक थेंबही कोळंबीच्या टाकीत जाऊ देऊ नये. घरात आणखी दोन वाटांनी तांबे येते : तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी आणि तांबे मिसळून देणारे नवे वॉटर प्युरिफायर. पिण्यासाठी घेतलेले हे पाणी टाकीत घालू नये.

कीटकनाशकांचेही तसेच. डासांच्या कॉइल, लिक्विड मशीन आणि फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये कीटकांसाठी बनलेली असली तरी मासे आणि कोळंब्या दोघांनाही घातक असतात. एअर पंप खोलीतली हवा सतत पाण्यात ढकलत असतो, त्यामुळे टाकीच्या खोलीत ही साधने लावूच नयेत, मच्छरदाणी बरी. खायला घालायचा पालक किंवा काकडी नीट धुऊन, साल काढता येत असेल तर काढून, वाफवून द्यावी.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, ही मागच्या भागांत आलेली अट इथे अधिकच कडक होते. कोळंबीला त्याशिवाय चरायलाही हवे : दगड, पाने, स्पंज फिल्टर यांवर साचणारा सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर. तो नव्या टाकीत नसतो. दोनेक महिने चाललेल्या टाकीतच कोळंबी सोडावी. शहरांत रस्तोरस्ती दिसणाऱ्या देशी बदामाची आपोआप गळलेली, वाळलेली तपकिरी पाने धुऊन टाकली की त्यांवर हा थर छान धरतो. फवारणी झालेल्या किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडाची पाने घेऊ नयेत.

सोबतीला एंजलफिश असेल तर मोठ्या कोळंब्याही जातात. गप्पी फक्त पिल्ले टिपतात. जावा मॉसचा दाट गुच्छ असेल तर काही पिल्ले वाचतात, पण पैदास हवी असेल तर कोळंब्यांची टाकी वेगळीच ठेवावी.

दुकानातून आणलेल्या कोळंब्या पिशवीतून सरळ टाकीत ओतू नयेत. पिशवीतल्या पाण्यासकट त्या भांड्यात घ्याव्यात आणि टाकीतले पाणी बारीक नळीने, सेकंदाला एक-दोन थेंब या वेगाने, त्यात पडू द्यावे. तासा-दीड तासाने भांड्यातले पाणी तिपटीच्या आसपास झाले की कोळंब्या जाळीने उचलून टाकीत सोडाव्यात. दुकानाचे पाणी फेकून द्यावे.