विद्यापीठातील निसर्गसंपत्ती आणि गावची विहीर

निसर्गाने दिलेली प्रत्येक वस्तू संपत्ती असतेच असे नाही. मँगनीजचा काळा, जड दगड युगानुयुगे जमिनीत पडून होता. पोलाद कणखर करण्यास तो उपयोगी पडतो हे माणसाला उमगले, तेव्हा कोठे तो संपत्ती ठरला. निसर्गाचे देणे आणि माणसाचे ज्ञान यांच्या संयोगातून संपत्ती जन्मास येते. ज्या ज्ञानाने ती जन्मास येते, त्याच ज्ञानाने ती राखावीही लागते. या राखण्यालाच संवर्धन म्हणतात. संवर्धन म्हणजे वस्तू कुलुपात घालून ठेवणे नव्हे. मिळकत किती आणि खर्च किती, याचा हिशेब ठेवून ती वापरणे होय.

हा हिशेब शिकवण्याचे काम आज विद्यापीठांकडे आले आहे. पूर्वी हे ज्ञान भूगर्भशास्त्र, वनशास्त्र, कृषिशास्त्र अशा वेगवेगळ्या दालनांत विखुरलेले होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्यात निसर्गसंपत्तीचे सहा भाग केले आहेत : वन, पाणी, खनिज, अन्न, ऊर्जा आणि जमीन. त्याच्या जोडीला प्रत्यक्ष स्थळी जाऊन पाहणी करण्याचे कामही नेमून दिले आहे.

पुस्तकात ही प्रकरणे एकापाठोपाठ एक येतात. प्रत्यक्षात मात्र ती एकमेकांत गुंतलेली असतात. हे समजून घेण्यास पांढुर्णा आणि सौसर यांच्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठीभाषक भाग मध्य प्रदेशात राहिला. छिंदवाडा जिल्ह्यातील या दोन तहसिली मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस सातपुड्याचे सागवानी जंगल, कन्हान आणि पेंच यांच्या खोऱ्यांत कोळसा, सौसरकडे मँगनीज आणि सर्वत्र संत्र्यांच्या बागा. पाठ्यपुस्तकाची सारी प्रकरणे येथे जणू एका शिवारात मांडलेली आहेत.

सौसरचे नाव तर जगातील भूगर्भशास्त्रज्ञांना परिचित आहे. मँगनीजयुक्त रूपांतरित खडकांच्या एका मोठ्या समूहाला 'सौसर समूह' असेच म्हणतात. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे लुईस ले फर्मर यांनी भारतातील मँगनीजवरचा आपला विस्तृत ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. येथील एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. तरीही सौसरमधील किती विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे हे नाव पुस्तकात भेटते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

जमिनीची गोष्टही अशीच आहे. विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवले जाऊ लागण्याच्या पूर्वीपासून नागपूर-छिंदवाड्याकडचा शेतकरी जमिनीची प्रतवारी करीत आला आहे. काळी, मोरंड, खरडी, बरडी हे त्याचेच शब्द; इंग्रजी अमदानीतील जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी ते जसेच्या तसे दप्तरात घेतले. आज या भागातील विद्यार्थ्याची घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी आणि वरच्या वर्गातील पुस्तकाची इंग्रजी. या तिन्हींचा सांधा जुळला नाही, तर बापाला माहीत असलेली बरडी आणि मुलाने परीक्षेत लिहिलेली उथळ मृदा या दोन निराळ्या वस्तू होऊन बसतात.

पण खरी कसोटी आहे ती पाण्याची. पाठ्यपुस्तक संपत्तीचे दोन वर्ग करते. खनिज एकदा काढले की संपले. पाणी मात्र दर पावसाळ्यात पुन्हा भरते. पांढुर्ण्याकडचा पुष्कळसा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या झिजलेल्या, सच्छिद्र आणि भेगाळलेल्या थरांत पाणी साठते; घट्ट थरांत ते फारसे साठत नाही. म्हणून कूपनलिका जितकी खोल, तितके पाणी अधिक, हा समज येथे पुष्कळदा फसवा ठरतो. संत्र्याला बहार आणण्यासाठी बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात. आंबिया बहाराचा ताण थंडीत असतो. फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे सबंध उन्हाळा झाडावर राहतात. म्हणजे विहीर तळाला जाते, नेमकी तेव्हाच बागेची तहान मोठी असते. मृग बहारात ताण उन्हाळ्यात बसतो आणि फुले पावसाबरोबर येतात. कोणता बहार घ्यावा, हा प्रश्न केवळ बाजारभावाचा नाही. तो जमिनीखालच्या शिल्लकेचाही आहे. पावसाळ्यात जितके मुरले त्याहून अधिक दरसाल उपसले, तर पाणीही खनिजाप्रमाणे संपणाऱ्या वर्गात जाऊन बसते. ते कोणत्या वर्गात राहावे, हे पुस्तक ठरवीत नाही. उपसा करणारा ठरवतो.

हा हिशेब गावापुरताही राहत नाही. सौसर तहसिलीतून वाहणारी कन्हान पुढे नागपूर शहराला पाणी पुरवते, आणि अखेर तिचा प्रवाह वैनगंगेतून गोदावरीस मिळतो. पांढुर्ण्याच्या जाम नदीचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या निमित्ताने. उरलेले दिवस त्या नदीत किती पाणी असते आणि त्यात काय मिसळते, हे पाहणारी डोळस माणसे तिला हवी आहेत.

अभ्यासाची सोयही दूर नाही. १९२३ पासूनचे नागपूर विद्यापीठ, जबलपूर आणि अकोला येथील कृषी विद्यापीठे, आणि २०१९ साली छिंदवाड्यात स्थापन होऊन पुढे राजा शंकर शाह यांचे नाव धारण केलेले विद्यापीठ. शिवाय नागपुरात मृदा सर्वेक्षणाची आणि लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाची राष्ट्रीय केंद्रे आहेत. तथापि पदवी मिळवून विद्यार्थी कायमचा बाहेर गेला, तर हे ज्ञान शिवारापर्यंत पोहोचायचे कसे ?

यासाठी आरंभ लहानच असावा. नेमून दिलेल्या क्षेत्रपाहणीत विद्यार्थ्याने आपल्या गावची एक विहीर निवडावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत टिपून ठेवावी. भोवती कोणते पीक आहे, बाग कोणत्या बहाराची आहे आणि जमीन मोरंड की बरडी, हेही शेजारी लिहावे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने तीच वही पुढे चालवावी. दहा वर्षांनी ती वही गावाला जे सांगेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसेल. आणि नवी बाग लावावी की नाही, हे ठरवताना गावकऱ्यांना तिचाच आधार घेता येईल.