हाताला पेलेल ते शस्त्र

आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगावे असा विचार ज्याच्या मनात प्रथमच येतो, तो बहुधा गोळीच्या सामर्थ्याची चौकशी आधी करतो. स्वतःच्या हाताची आणि डोळ्याची चौकशी मात्र तो करीतच नाही, आणि माझ्या मते निवडीतील पहिला दोष तेथेच शिरतो. आपल्या देशात तर गोळीचा प्रश्न कायद्यानेच बव्हंशी निकालात काढलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ९ मिलिमीटरसारखी सैन्याच्या व पोलिसांच्या वापरातील काडतुसे ‘प्रतिबंधित बोअर’ या सदरात मोडतात, आणि सामान्य नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर, त्याच मापाचे पिस्तूल किंवा पॉइंट बावीस एवढेच उरते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली. अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या तालमीचा दाखला आणि घरात ते कुलूपबंद ठेवण्याची तजवीज, एवढे सर्व दप्तरात दाखल झाल्यावरच अर्जदाराला दुकानाची पायरी चढता येते.

अशी पायरी चढणाऱ्या एका डॉक्टरबाईंबरोबर मी पुण्यातील एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे गेलो होतो. बाईंचा दवाखाना घाटाखालच्या एका गावी. रात्री-अपरात्री एकटीने गाडी हाकणे त्यांना चुकत नाही. विक्रेते वयोवृद्ध, मितभाषी. त्यांनी कपाट उघडलेच नाही. दोन्ही तळव्यांची एक लहानशी खिडकी करून तिच्यातून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचा एक आकडा पाहा, असे त्यांनी सांगितले. मग एकेक डोळा मिटावयास लावला. उजवा डोळा मिटला तेव्हा आकडा जागच्या जागी राहिला, डावा मिटला तेव्हा तो खिडकीबाहेर गेला.

“डॉक्टरबाई, तुमचा हात उजवा आणि डोळा डावा आहे,” ते म्हणाले, “काळजी नको, शस्त्र किंचित डावीकडे धरायचं, एवढंच. पण हे आज कळलं ते बरं झालं.”

त्यानंतर कापडावर तीन शस्त्रे मांडली गेली, आणि प्रत्येक शस्त्र देताना त्यांनी ते स्वतः उघडून, रिकामे असल्याची खातरजमा करून, उघड्या स्थितीतच बाईंच्या हाती ठेवले; हा शिरस्ता इतक्या सावधपणे पाळणारा मनुष्य मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. पहिले होते कानपूरच्या सरकारी कारखान्याचे पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हर: इंग्रजी वेब्लीच्या धाटणीचे, सहा घरांचे, सुमारे सातशे ग्रॅम वजनाचे, नळी तीन इंचांची, आणि खिटी दाबताच मधोमध मोडून रिकामी काडतुसे एकदम वर उचलून देणारे. दुसरे ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर, २०१४ साली विशेषतः स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलेले, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे पाचशे ग्रॅमचे. तिसरे एक अर्धस्वयंचलित पिस्तूल.

बाईंचा हात साहजिकच हलक्या शस्त्राकडे गेला, आणि येथे विक्रेत्यांनी जे सांगितले ते प्रत्येक नवशिक्याने ध्यानात ठेवावे असे आहे. गोळी तीच, दारू तीच, परंतु शस्त्राचे वजन घटले की मागे बसणारा धक्का त्या प्रमाणात वाढतो. पर्समध्ये जे सुखावह वाटते ते तळहाताला सुखावह असतेच असे नाही, आणि ज्या शस्त्राच्या धक्क्याची धास्ती बसते त्याचा सराव मनुष्य टाळू लागतो. पिस्तुलाची सरक मागे ओढताना बाईंची बोटे दोनदा घसरली. शिवाय पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी नळीच्या मागच्या टोकाशी एक काडतूस शिल्लक राहू शकते, आणि शस्त्र रिकामे आहे या भ्रमात घडलेले अपघात बहुतांशी या एका काडतुसाचे असतात. उलट रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. अनुभवी हाती पिस्तूल श्रेष्ठ ठरेल, ते मी नाकारीत नाही. पण पहिल्या शस्त्राचा विचार वेगळा. चापाचीही परीक्षा झाली. घोडा आधी न चढविता चाप ओढावा तर तो लांब आणि जड लागतो, घोडा चढवून ओढावा तर हलका व आखूड. संकटात पहिलाच प्रकार घडावयाचा, म्हणून बोटाचे पेर त्या लांब ओढीच्या आरंभी चापावर नीट पोहोचते की नाही, हे विक्रेत्यांनी बाजूने वाकून पाहिले.

खरी गोष्ट नेमाची. नळीच्या टोकाला उभी माशी, मागे माथ्यावर कोरलेली खाच, आणि पलीकडे लक्ष्य: तीन वस्तू तीन अंतरांवर, आणि मनुष्याच्या नेत्राला एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहता येते. स्वाभाविक ओढ लक्ष्याकडे असते; शास्त्र मात्र सांगते की दृष्टी माशीवर ठेवावी, लक्ष्य अंधूक दिसू द्यावे. याचे कारण साध्या गणितात आहे. माशी आणि खाच यांतील अंतर पंधरा सेंटिमीटर धरले, आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरांवर गोळी सुमारे ६.७ सेंटिमीटर भरकटते. पण माशी व खाच परस्परांशी जुळलेल्या राहून सबंध हातच एक मिलिमीटर सरकला, तर गोळीही एक मिलिमीटरच सरकते. ज्या थरथरीची नवशिक्याला लाज वाटते ती पुष्कळ अंशी क्षम्य आहे. अक्षम्य आहे तो माशीचा खाचेतील कल. आखूड नळीच्या शस्त्रात हे अंतर कमी, म्हणून दोष अधिक. लपविण्याच्या सोयीची ही किंमत आहे.

पन्नाशीच्या बाईंपुढे आणखी एक अडचण होती, आणि तिचा विचार दुकानांत फारसा होत नाही याचे मला वाईट वाटते. वाचण्याचा चष्मा हातभर अंतरावरील माशीला उपयोगी पडत नाही, दूरचा चष्मा तर तिला पुसूनच टाकतो. माशीचे अंतर मोजून तेवढ्यासाठी वेगळा नंबर काढून घ्यावा, हा सल्ला बाईंना तत्काळ पटला. हल्ली प्रचारात आलेली, काचेवर तांबडा ठिपका दाखविणारी दृष्टियंत्रे या अडचणीवर मोठा उपाय आहेत, कारण ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर भासतो आणि नेत्राला तीन ठिकाणी धावावे लागत नाही. परंतु शस्त्र उचलताच तो ठिपका काचेत सापडणे ही निराळी तालीम आहे, बॅटरीची चिंता वेगळीच, आणि कानपुरी रिव्हॉल्व्हरच्या माथ्यावर ते बसविण्यास जागाही नाही. अंधारात चमकणारे ट्रिटियमचे ठिपके माशीवर बसवावेत, तर त्यांचे तेज सुमारे बारा वर्षांत निम्मे होते. अखेर कानपुरी रिव्हॉल्व्हरच पसंत केलेल्या बाईंसाठी विक्रेत्यांनी सुचविले ते एवढेच की माशीच्या मागील पृष्ठावर पांढऱ्या रंगाचा एक टिपका द्यावा.

पुढे रायफल क्लबच्या मैदानावर त्यांना प्रथम क्लबचे पॉइंट बावीस पिस्तूल दिले गेले, आणि ते योग्यच झाले. धक्का नगण्य असला की दोष कोठे आहे ते कागदावर उघड दिसते. बाईंच्या गोळ्या एकत्र पडत होत्या, पण खाली आणि डावीकडे. प्रशिक्षकांनी नेमाला हात लावला नाही. त्यांनी रिकाम्या शस्त्रात खोटे काडतूस घालून दिले आणि चाप ओढताना माशी हलते का एवढेच पाहण्यास सांगितले. माशी हलत होती. बोट चाप दाबत नव्हते, मूठच आवळली जात होती. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरने सात मीटरांवर सारी सहा काडतुसे तळहाताएवढ्या वर्तुळात बसू लागेपर्यंत ते भरून घरी ठेवावयाचे नाही, असे बाईंनी त्याच दिवशी ठरविले, आणि शस्त्राची पेटी एका खोलीत व काडतुसे दुसऱ्या खोलीत, दोन्हींच्या किल्ल्या स्वतःपाशी, अशी व्यवस्था करून परवान्यावर शस्त्राच्या क्रमांकाची नोंद करून घेण्यासाठी त्या कचेरीकडे निघाल्या.