शिष्यवृत्तीचा अर्ज शिकवणारी जीआयएफ हलकी कशी करावी?

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की आमच्याकडे विहारात मदतीसाठी विद्यार्थ्यांची गर्दी होते. ज्यांना येणे जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही एकदा अर्ज भरतानाचे स्क्रीन रेकॉर्डिंग केले, त्याची जीआयएफ बनवली आणि ग्रुपवर टाकली. गावाकडच्या एका मुलीचा निरोप आला, "ताई, उघडतच नाही. नेटपॅक संपला." दोष तिच्या फोनचा नव्हता, आमच्या फाइलचा होता.

जीआयएफ हा प्रकार १९८७ सालचा. हलत्या जीआयएफमध्ये एकामागोमाग अनेक चित्रे साठवलेली असतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर ४० सेकंदांची १२०० होतात. म्हणून फाइल जड होते.

पहिला उपाय, चित्रे कमी करा. अर्जाचे पान सिनेमासारखे पळत नाही, सेकंदाला १० चित्रे पुरतात. पान उघडण्याची वाट पाहिली तेवढा भागही कापून टाका.

दुसरा, आकार कमी करा. पूर्ण स्क्रीन नको, फक्त अर्जाची चौकट ठेवा. रुंदी आणि उंची निम्मी केली तर चित्रातले बिंदू एक चतुर्थांशच उरतात. मात्र मोबाइलवर अक्षरे वाचता आली पाहिजेत.

तिसरा, रंग कमी करा. जीआयएफच्या एका चित्रात साधारण २५६ रंग मावतात. अर्जाच्या पानाला बहुधा ६४ पुरतात. 'डिदरिंग' बंद ठेवा. त्यात ठिपके मिसळून रंगछटा भासवल्या जातात आणि त्या ठिपक्यांनी फाइल फुगते. विंडोजवरच्या 'स्क्रीनटूगिफ' या मोफत प्रोग्राममध्ये ही कामे होतात.

एवढे करूनही फाइल जड राहिली तर एमपी४ व्हिडिओ करा. एका चित्रातून दुसऱ्यात काय बदलले, काय कुठे सरकले, मुख्यतः तेवढेच व्हिडिओत नोंदवले जाते. त्यामुळे तेच रेकॉर्डिंग बहुतेक वेळा जीआयएफपेक्षा पुष्कळ हलके होते.

आणखी एक काळजी घ्या. रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा आधार क्रमांक, बँक खाते किंवा जातीचा दाखला दिसता कामा नये. पाठवण्याआधी फाइल साध्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून पाहा. तिथे उघडली, तरच ती वस्तीतल्या आणि गावातल्या मुलांपर्यंत अर्जाची मुदत संपण्याआधी पोहोचेल.

जय भीम!