कन्सोल, क्लाउड आणि वऱ्हाडातले फायबर

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग सेवा भारतात अधिकृतपणे सुरू झाली, आणि अमरावती-अकोल्यात घरोघरी फायबर जोडण्या मिळू लागल्याने टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल आता कालबाह्य होणार, असे सहज गृहीत धरले जाते. अशा सेवेत खेळ दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर चालतो, त्याचे चित्र व्हिडिओच्या रूपाने घरी येते आणि दाबलेल्या बटणाचा संकेत उलट दिशेने जातो.

प्लॅन जितक्या अधिक एमबीपीएसचा तितका खेळ सुरळीत, हा यातला सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. एमबीपीएस हे माप सेकंदाला किती माहिती येऊ शकते एवढेच सांगते, आणि फुल एचडी खेळाला साधारण २५ एमबीपीएस पुरतात. बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब, म्हणजे लेटन्सी, हा निराळा प्रश्न आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमरावती ते मुंबईतील सर्व्हर हा मार्ग ६५० किलोमीटरांचा धरला, तर केवळ जाण्यायेण्यात साडेसहा मिलिसेकंद लागतात आणि कितीही महागड्या प्लॅनने ते कमी होत नाहीत. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातच वाटेतील राउटरांवरचा खोळंबा, चित्र आकुंचित करून पुन्हा उलगडण्याचा वेळ आणि वाय-फायची अस्थिरता यांची भर पडते, आणि ही भर बहुधा मूळ अंतरामुळे होणाऱ्या विलंबाहून मोठी असते. म्हणूनच पुरेसा वेग असलेल्या घरात आणखी मोठा प्लॅन घेण्यापेक्षा राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकणे अधिक शहाणपणाचे ठरते.

चित्रपट न अडखळता दिसतो म्हणून खेळही तसाच चालेल, हेही खरे नाही. चित्रपटाचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो. खेळातले पुढचे चित्र खेळणाऱ्याच्या कृतीवर अवलंबून असल्याने तशी साठवण शक्यच नसते.

उत्तम जाळे हाताशी असूनही गुगलने २०१९ मध्ये सुरू केलेली स्टेडिया ही क्लाउड गेमिंग सेवा पुरेशा ग्राहकांअभावी जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. ती भारतात आलीच नव्हती.

वेगवान इंटरनेटने प्रत्यक्षात मागे सारली ती डिस्क. दोन एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबीचा खेळ उतरवायला साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल, तर १०० एमबीपीएसवर तेच काम सव्वादोन तासांत होते; डिस्कचा खण नसलेला प्लेस्टेशन ५ विकला जाऊ शकतो तो यामुळेच. मेळघाटातील अनेक गावांत मात्र मोबाइलचे नेटवर्कही भरवशाचे नाही, आणि तेथील मुलांचा विचार या चर्चेत अभावानेच होतो. एकट्याने खेळायचे अनेक खेळ एकदा कन्सोलवर उतरवले की नेटवर्क नसतानाही चालतात, क्लाउडवरचा खेळ मात्र जोडणी तुटताच थांबतो.