पाव तासाची गार, बारा महिन्यांचा ऊस

भाजीपाल्याच्या मळ्याला जे जे लागतं, त्यातलं बेलापूरला काय कमी आहे? भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी प्रवरेचं पाणी या पट्ट्यात आणलं. श्रीरामपूर आणि राहुरीच्या बाजारपेठा जवळ आहेत, दौंड-मनमाड लोहमार्ग शेजारून जातो, राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. टोमॅटो, फ्लॉवर, मिरची, दोडका यांपैकी काहीही इथल्या जमिनीत पिकतं. तरीही ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि पाटाची पाळी आहे, तो आधी ऊस लावतो आणि उरल्या दहा-पंधरा गुंठ्यांत मळा करतो. यावर शहरातला शेरा ठरलेला असतो: ऊस हे आळशी माणसाचं पीक. हा शेरा दिसायला सोपा आणि मुळात चुकीचा आहे. ऊस लावणारा शेतकरी जोखमीचा हिशोब घालत असतो. भाजीपाल्याची जोखीम जोवर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे, तोवर तो हिशोब उसाच्याच बाजूने लागणार.

भाजीपाल्याची जोखीम हंगामाची नसते, घटकेची असते. डोंगराळ मुलखात तिचं सर्वांत निर्दय रूप म्हणजे ऐन उन्हाळ्यात गोठणारं दव. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा एप्रिल १८१५ मध्ये स्फोट झाला आणि त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी उत्तर गोलार्धातला उन्हाळाच बिघडवला. १८१६ च्या जून, जुलै आणि ऑगस्ट अशा तिन्ही महिन्यांत अमेरिकेच्या ईशान्य भागात दव गोठलं आणि उभे मळे हातचे गेले. एरवी मात्र त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की रात्रभर जमीन आणि पानं आपली ऊब आकाशात सोडत राहतात. थंड हवा जड, म्हणून ती उतारावरून खाली येते आणि खोलगट रानात साचते. पानातलं पाणी गोठून पेशी फाटतात आणि उन्हं वर आली की कालचं ताठ पान उकडलेल्या पालकासारखं काळपट होऊन लोंबतं. पुढचे तीन महिने हवामान कितीही उत्तम राहिलं, तरी ते पान परत येत नाही.

हे पाहायला फार लांब जायला नको. महाबळेश्वरला हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर हिमकण दिसतात, तेव्हा वेधशाळेचा पारा अनेकदा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरं असतं. तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पेटीच्या सावलीत असतो आणि रोप जमिनीला टेकून उघड्या आकाशाखाली असतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली उतरला, तेव्हा द्राक्षबागायतदारांनी पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या, पाणी सोडलं. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, हा त्यामागचा हिशोब. पेरूच्या अँडीज पठारावरचे शेतकरी फार पूर्वीपासून उंच वाफे आणि मधोमध पाण्याचे चर काढतात, तेही याच साठवलेल्या उबेसाठी. पण आपल्याकडे पाटाचं आवर्तन कालवा ठरवतो आणि मोटारीची वीज भारनियमनाचं वेळापत्रक. थंडीची लाट येणार हे आदल्या दिवशी कळलं, तरी त्या दिवशी पाणी हाताशी असेलच असं नाही.

बेलापूरच्या सपाटीवर उन्हाळ्यात दव गोठत नाही. इथे उन्हाळ्यातलं बर्फ आभाळातून पडतं. फेब्रुवारी ते मे या काळात उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा वरच्या थरात असते, समुद्रावरून आलेलं बाष्प खाली असतं आणि तापलेली जमीन ते बाष्प वर फेकते. ढग शून्य अंशाच्या रेषेच्या फार वर चढतो आणि त्यात गार पोसली जाते. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या २८ जिल्ह्यांना अवकाळी पाऊस आणि गारपिटीने झोडपलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये याच अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातला कांदा आणि भाजीपाला आडवा झाला. अशा वेळी टोमॅटोच्या फडात काय होतं ते जवळून पाहिलं पाहिजे. ज्या अंगाने वारा येतो त्या अंगाची पानं फाटतात, फुलं आणि कळ्या सरीत पडतात, खोडावर त्याच बाजूला सालीच्या जखमा उमटतात. हिरवं फळ त्या दिवशी ठीक दिसतं. तीन-चार दिवसांनी मार बसलेल्या जागी तपकिरी डाग धरतो, जखमेतून बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि बागवान तो क्रेट बाजूला काढतो. रोपवाटिकेतलं रोप, मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू, तार, सुतळी, फवारण्या असा सगळा खर्च पहिल्या तोड्याच्या आधीच झालेला असतो. म्हणजे गुंतवणूक सर्वाधिक असते तेव्हाच पीक सर्वांत नाजूक असतं.

अशा घटकेच्या नुकसानीला आपल्याकडच्या व्यवस्था सरासरीची पट्टी लावतात. हवामान केंद्र महसूल मंडळाला एक. ते पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतं, गार मोजत नाही. पीकविम्यात कांदा सोडला तर टोमॅटो, वांगी, वेलवर्गीय भाज्या अधिसूचित पिकांतच नाहीत. जी पिकं आहेत, त्यांची भरपाईही २०२५ च्या खरिपापासून राज्याने मंडळाच्या पीककापणी प्रयोगातल्या सरासरी उत्पन्नाला बांधली आणि एकट्या शेतावर कोसळणाऱ्या स्थानिक आपत्तीचं संरक्षण वगळलं. गारेचा पट्टा मात्र लांबीला काही मैल आणि रुंदीला एक-दोन मैल असू शकतो. एका बांधावर सगळं भुईसपाट आणि पलीकडच्या वस्तीवर पाऊसही नाही. राहिली सरकारी मदत. आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषांत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये धरले आहेत. दहा गुंठ्यांच्या मळ्याला हिशोबाने १,७०० रुपये येतात आणि किमान मदतीची तरतूद लावली तर २,०००. राज्याने वेळोवेळी दर वाढवले, तरी एवढ्या मळ्याचे बांबूही त्यात येत नाहीत.

आता त्याच गारेखाली उभा असलेला ऊस पाहा. पानं फाटतात, वाढ काही दिवस खुंटते, पण वाढीचा कोंब पानांच्या वेढ्यात सुरक्षित असतो आणि महिन्याभरात नवी पानं वर येतात. वजनात घट येते, पीक जात नाही. शिवाय गिऱ्हाईक ठरलेलं. लोणीजवळ प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला, त्याच्याही आधी बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना इथे ऊस गाळत होता. एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, केंद्र सरकार ठरवतं, २०२५-२६ च्या हंगामासाठी ती क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. ते थकतात, त्यावर आंदोलनं होतात, हे खरंच. पण मागायला दर आहे आणि दाखवायला कायदा आहे. टोमॅटोवाल्याकडे दोन्ही नाही. भाजीपाल्याला संरक्षण न देणं हे प्रत्यक्षात उसाला दिलेलं छुपं अनुदान आहे आणि ते पाण्याच्या रूपात फेडलं जातं.

यावर पहिला आक्षेप असा की भाजीवाल्याला एखादा लॉट तेजीत सापडला की तो सगळं भरून काढतो. काढतो, पण तेजी ज्याचा माल उभा आहे त्याला सापडते. गारेने बाजार तेजीत येतो तेव्हा ज्याचा मळा गेला, त्याच्याकडे विकायला काही नसतं आणि कृषी सेवा केंद्राची उधारी तशीच उभी असते. दुसरा आक्षेप, शेडनेट का घेत नाहीत? केंद्राच्या २०१४ च्या निकषांत पाइपच्या शेडनेटचा खर्च चौरस मीटरला ७१० रुपये धरला होता, म्हणजे एकराला २८ लाखांवर. निम्मं अनुदान मिळालं तरी उरलेलं निम्मं दोडक्यातून फिटत नाही. ढोबळी मिरचीला किंवा रोपवाटिकेला ते परवडतं, सगळ्या मळ्यांना नाही. गारा फोडणाऱ्या तोफांचा उपाय मधूनमधून पुढे येतो. त्यांचा उपयोग होतो असा शास्त्रीय पुरावा जागतिक हवामान संघटनेलाही आढळलेला नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. मळे लहान, पिकं तीन-चार महिन्यांची, एकाच वाफ्यात दोन-दोन भाज्या. इतक्या तुकड्यांचे पंचनामे करायचे कोणी, आणि खोट्या दाव्यांचं काय? पण हे काम आपण फळबागांसाठी करतोच. हवामान आधारित फळपीक विम्यात डाळिंब, द्राक्ष, केळी यांना गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घेता येतं आणि नुकसान त्या बागेत जाऊन पाहिलं जातं. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच बांधावरून फोटोसह नोंद करतो. गारेचा ढग डॉप्लर रडारवर दिसतो, म्हणजे दावा त्या पट्ट्यातला आहे की बाहेरचा, हे तपासता येतं. टोमॅटो, मिरची आणि वेलभाज्या एवढ्यांनाच पहिल्या टप्प्यात गारपिटीचं स्वतंत्र संरक्षण द्यावं, भरपाई हेक्टरी सरासरीवर न ठेवता पीक कोणत्या अवस्थेत गेलं त्यावर ठरवावी आणि ई-पीक पाहणीत लागवडीची तारीख सक्तीची करावी. हप्ता फुकट नसावा. शेतकऱ्याने आपला वाटा भरावा, म्हणजे खोटे दावेही कमी होतील. याला खर्च येईल. पण उसाचं पाणी कमी करा म्हणून दर उन्हाळ्यात होणारी भाषणं आजवर फुकटच होती आणि त्यांनी पाटाखालचा एक गुंठाही ऊस मोडला नाही. मळ्याची जोखीम वाटून घ्यायची तयारी नसेल, तर पाटाखालच्या शेतकऱ्याला पीकबदलाचा उपदेश करण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.