यंत्रे कुणाची असावीत?
व्यवसायासाठी क्लाउड : लेखांक ४

नुसते यंत्र भाड्याने घ्यायचे, त्यावर प्रोग्रॅम चालवण्याची सोयही घ्यायची की थेट तयार सॉफ्टवेअर वापरायचे, हे आपण मागच्या लेखांकात पाहिले. आता प्रश्न आहे ती यंत्रे कुणाची असावीत याचा. अमेरिकेतील ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेने २०११ साली याचे चार प्रकार सांगितले : पब्लिक, प्रायव्हेट, कम्युनिटी आणि हायब्रिड. हीच नावे आजही चालतात. पण व्याख्या पाठ असल्या तरी निर्णय होत नाही. व्यावसायिकाने आधी एवढेच तपासावे, असे मला ठामपणे वाटते : आपल्या कामाचा भार वर्षभर सारखा असतो, की मध्येच उसळी घेतो?

नेटफ्लिक्सचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला. तेव्हा ही कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवत असे, आणि तीन दिवस एकही पाठवता आली नाही. स्वतःच्या यंत्रांवर विसंबणे नको म्हणून त्यांनी ॲमेझॉनच्या पब्लिक क्लाउडची, म्हणजे कुणालाही भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांची, वाट धरली. हे स्थलांतर संपायला जानेवारी २०१६ उजाडले. त्यांच्या प्रेक्षकांची गर्दी संध्याकाळी उसळते आणि पहाटे ओसरते. घरात एक लग्न आहे म्हणून कुणी मंगल कार्यालय बांधत नाही, दोन दिवसांपुरते भाड्याने घेतो. हा हिशेब तसाच आहे.

ड्रॉपबॉक्सने मात्र उलटी वाट धरली. लोकांच्या फाइली साठवणारी ही कंपनी सुरुवातीला ॲमेझॉनवरच होती. साठवलेली फाइल रात्री कमी होत नाही; साठा नुसता वाढत जातो आणि त्याचे भाडे रोज चालू राहते. म्हणून त्यांनी स्वतःची यंत्रणा उभारून बहुतेक साठा तिकडे हलवला. २०१८ साली शेअर बाजारात येताना दाखल केलेल्या कागदपत्रांत त्यांनी दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलरची बचत दाखवली. पण तो साठा ५०० पेटाबाइटच्या पुढचा होता आणि हाताशी निष्णात अभियंते होते. पंचवीस माणसांच्या कचेरीने त्यांचा कित्ता गिरवू नये.

प्रायव्हेट क्लाउडबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. यूपीएसशेजारी ठेवलेल्या सर्व्हरवर टॅली चालते, एवढ्याने तो क्लाउड होत नाही. मागितल्याबरोबर नवे यंत्र हजर व्हावे, काम संपताच ते मोकळे व्हावे, कुणी किती वापरले याची नोंद राहावी आणि हे सारे एकाच संस्थेसाठी राखलेल्या यंत्रांवर घडावे, तेव्हा त्याला प्रायव्हेट क्लाउड म्हणतात. मोठ्या बँकांना आणि विमा कंपन्यांना ते परवडते. लहान उद्योगाला प्रायव्हेट क्लाउड विकायला कुणी आले, तर मी आधी संशयच घेईन.

कम्युनिटी क्लाउड कमी ऐकू येतो, पण महाराष्ट्राच्या कामाचा आहे. सारख्या नियमांनी बांधलेल्या संस्था मिळून एक यंत्रणा वापरतात. रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ने बँकांसाठी असा क्लाउड उभा केला आणि पुढे तो ‘आयएफटीएएस’ या संस्थेकडे गेला. एकट्याने डेटा सेंटर चालवणे न झेपणाऱ्या नागरी सहकारी बँकेला हा मार्ग शोभतो.

डेटा देशाबाहेर जाईल ही भीती आता पब्लिक क्लाउड नाकारायला पुरेशी नाही. मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ पासून पुण्यात आणि मुंबईत आहेत, ॲमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश दिला, तोही या केंद्रांत डेटा ठेवून पाळता येतो. फक्त करारात ठिकाणाचे नाव लिहून घ्यावे.

खरा धोका वेगळा आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत जळून गेले. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. यंत्रे दुसऱ्याची असली तरी दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवणे हे आपलेच काम राहते, आणि करारावर सही करताना नेमके हेच विसरले जाते.

प्रत्यक्षात बहुतेक व्यवसाय हायब्रिडवर, म्हणजे काही यंत्रे स्वतःची आणि काही भाड्याची अशा मिश्रणावर, येऊन थांबतात. नेटफ्लिक्सचेही चित्रपट ॲमेझॉनवरून येत नाहीत. इंटरनेट कंपन्यांकडे बसवलेल्या त्यांच्या स्वतःच्या पेट्यांतून येतात. कारखान्याने यंत्रांवर नियंत्रण ठेवणारा संगणक कारखान्यातच ठेवावा, कारण नेट गेले तरी उत्पादन चालू राहिले पाहिजे. ईमेल, वेबसाइट, सणासुदीच्या ऑर्डरी पब्लिक क्लाउडवर द्याव्यात. या दोन्हींत डेटा ये-जा करू लागला की त्याचेही पैसे लागतात, आणि पहिल्या बिलात धक्का बसतो तो बहुधा याच रकमेचा. ते बिल ओळीओळीने कसे वाचायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.